नेपथ्याचा इतिहास आणि ‘मूळ’ स्थळाची कल्पना

दूरचित्रवाणी मालिकेतील नेपथ्याचा विचार बहुधा तांत्रिक तपशील म्हणूनच केला जातो. संहिता ही लेखकाची निर्मिती आणि नेपथ्य ही तिची केवळ व्यवस्था, अशी श्रेणीरचना त्यामागे गृहीत असते. बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केलेल्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथात्मक मालिकेतील ‘टार्डिस’ या कालयानाचा अंतर्भाग हे गृहीतक तपासून पाहण्यास विशेष उपयुक्त ठरतो. बाहेरून लंडनच्या रस्त्यावरील निळी पोलीस-पेटी आणि आत तिच्यात मावणे अशक्य असा विस्तीर्ण कक्ष, ही विसंगती हाच मालिकेचा पायाभूत संकेत होय. पेटीचे रूप बव्हंशी स्थिर राहिले. कक्ष मात्र वारंवार पालटला.

पीटर ब्राखात्स्की यांनी रचलेल्या पहिल्या कक्षात षट्कोनी नियंत्रण-मंच, त्याच्या मध्यभागी वर-खाली होणारा पारदर्शक स्तंभ आणि भिंतींवर वर्तुळाकृती खोलगट नक्षी होती. कृष्णधवल कॅमेऱ्यांना शुभ्र रंग अतिशय प्रखर भासे, म्हणून मंच फिकट हिरवा रंगविण्यात आला होता. प्रेक्षकांना तो पांढराच दिसला. फेब्रुवारी १९६४ मधील ‘द एज ऑफ डिस्ट्रक्शन’ ही दोन भागांची कथा केवळ यानात आणि चार प्रमुख नटांवरच चित्रित झाली. त्यामागे काटकसरीची निकड होती. परंतु त्या निकडीतूनच यान हे निर्जीव यंत्र नसून त्याला काहीएक जाणीव असावी, हा पुढे मालिकेस फार उपकारक ठरलेला आशय प्रथम व्यक्त झाला. येथे अर्थ आधी आणि नेपथ्य मागाहून, असा क्रम लावता येत नाही.

१९७६ मध्ये ‘द मास्क ऑफ मँड्रागोरा’ या कथेपासून बॅरी न्यूबेरी यांचा लाकडी, व्हिक्टोरियन अभ्यासिकेसारखा कक्ष आला. संहितेने त्याला यानातील दुसरा नियंत्रण-कक्ष म्हटले, आणि बदल सहज पचवला. १९७७ मध्ये पुन्हा पांढरा कक्ष अवतरला. साठवणीत लाकूड वाकल्याचे त्याचे कारण सांगितले जाते. मालिका १९८९ मध्ये थांबली. १९९६ च्या दूरचित्रपटात भव्य, गॉथिक वळणाचा कक्ष दिसला, तर २००५ च्या पुनरारंभी एडवर्ड थॉमस यांनी प्रवाळासारखे खांब आणि जोडतोड केलेली यंत्रे मांडली. महायुद्धात स्वजन गमावलेल्या नायकाचे हे घर होते. पडझड आणि वाढ या दोन्हींचा प्रत्यय त्यात एकाच वेळी येई. २०१० मध्ये तर मोडलेले यान स्वतःला नव्याने घडवते, असे कथेतच दाखविण्यात आले. पूर्वी संहिता नेपथ्यबदलाचे समर्थन करीत असे; आता नेपथ्यबदल हीच कथेतील घटना झाली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये फिल सिम्स यांचा विस्तीर्ण पांढरा कक्ष आला. वर्तुळाकृती नक्षीही भिंतींवर परतली. याला मुळाकडे परतणे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ज्या शुभ्रतेकडे हे परतणे आहे, ती १९६३ च्या मंचावर नव्हतीच. ती कॅमेरा आणि प्रेक्षक यांच्या दरम्यान निर्माण झाली होती. शिवाय १९६३ चा पांढरेपणा अपरिचित भविष्याचा निर्देश करीत होता, २०२३ चा साठ वर्षांच्या स्मृतीचा करतो. चिन्ह तेच असले, तरी त्याचा निर्देश उलट्या दिशेस वळला आहे.

नेपथ्यकाराचा हेतू शोधून या इतिहासाचा उलगडा होत नाही, कारण बदलांची कारणे पुष्कळदा कॅमेरा, खर्च आणि गोदाम यांत दडलेली आहेत. केवळ या कारणांची यादी केल्यानेही तो होत नाही. प्रेक्षक प्रत्येक नव्या कक्षाला ‘तेच यान’ म्हणून ओळखतो, आणि ही ओळख षट्कोनी मंच व मधला स्तंभ अशा मोजक्या पुनरावृत्त खुणांवर उभी असते. त्या खुणा कोणी ठरवून जपल्या आणि कोणत्या केवळ सवयीने उरल्या, हे वेगळे करू पाहणारी समीक्षाच नेपथ्याला संहितेच्या बरोबरीचे स्थान देऊ शकेल.