वहीत नाव नसलेल्या आज्या



गटाची बैठक भरली की आपण पहिलं काय करतो? वही उघडतो आणि हजेरी मांडतो. वहीत नाव आलं, सही झाली, की ती बाई आली होती याला पुरावा झाला. आज आम्ही तुम्हाला जो इतिहास सांगणार आहोत तो असाच वह्यांचा आहे. इंग्रजांनी आपल्या वाळवा-शिराळ्यावर बंदुकीच्या जोरावर राज्य केलंच, पण रोजचा कारभार चालवला तो वहीच्या जोरावर. त्या वह्यांनी आपल्या आज्या-पणज्यांचं जगणं बदललं. त्यांची नावं मात्र त्या वह्यांत क्वचितच आली.

आधी हे राज्य आलं कसं ते पाहू. १८१८ साली पेशवाई बुडाली. साताऱ्याच्या गादीवर इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना ठेवलं, पण १८३९ साली त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथे खेटे घालत राहिले. उपयोग झाला नाही. महाराजांचे भाऊ शहाजी गादीवर होते, ते १८४८ साली वारले. त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा इंग्रजांनी वारस मानला नाही आणि सातारचं राज्य खालसा केलं. आपल्यात दत्तक मूल पोटच्या मुलासारखंच. पण एका कागदाने ते नाकारलं, आणि आपला वाळवा तालुका इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात गेला.

शेजारी मात्र सगळी संस्थानं होती. सांगली, मिरज, जत, औंध, पलीकडे कोल्हापूर. म्हणजे एखादीचं सासर इंग्रजी मुलखात आणि माहेर संस्थानात, अशी गत. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला १९४९ साली, आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० साली. घरातलं जुनं माणूस अजून कधी ‘आपला सातारा जिल्हा’ म्हणून जातं, ते यामुळे.

आता पहिली वही, जमिनीची. इंग्रजांनी रयतवारी आणली. शेतं मोजली, त्यांना सर्व्हे नंबर दिले, प्रत्येक खातेदाराच्या नावावर सारा बसवला. सारा रोख भरायचा. पाऊस पडो न पडो, हप्त्याची तारीख चुकायची नाही. मग सावकाराचं दार आलं, आणि खतावर अंगठा आला. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जाचे कागद जाळले. लोकांचा राग कागदावरच होता, हे ध्यानात घ्या. त्यानंतर १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांसाठी कायदा केला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. पण खातेदार म्हणून नाव लागायचं ते बहुतेक बाप्याचं. पेरणीला, भांगलणीला, मळणीला बाई पुढे, आणि खात्यावर तिचं नाव नाही. आज आपल्यातली एखादी कर्जाला जाते तेव्हा तिला सातबारा मागतात, आणि त्यावर नाव असतं सासऱ्याचं नाहीतर मालकांचं. ही गोष्ट इतकी जुनी आहे.

दुसरी वही जंगलाची. १८७८ साली जंगलाचा कायदा झाला. ज्या रानातून सरपण आणायचं, गुरं चारायची, त्या रानाला सरकारी हद्द आली. चराईला पैसे, लाकडाला दंड. सरपण आणायचं काम कुणाचं? बाईचं. म्हणून हा कायदा थेट चुलीपाशी येऊन बसला. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, पण आपल्याकडे समुद्र नाही. आपल्या लोकांनी जंगलाचा कायदा मोडला. शिराळा तालुक्यात वारणाकाठचं बिळाशी गाव त्यात एवढं पुढे होतं की तिथे पोलिसांनी गोळीबार केला. बिळाशीच्या बायकाही त्या सत्याग्रहात मागे नव्हत्या.

तिसरी वही सगळ्यांत वाईट. ती हजेरीची. आपण हजेरी मानाने मांडतो, ती हजेरी अपमानाची होती. १८७१ साली इंग्रजांनी एक कायदा करून काही जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का मारला. १९११ नंतर तो सगळ्या देशभर लागू करता येऊ लागला. ज्यांच्यावर शिक्का बसला त्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, न विचारता गाव सोडता येत नसे. जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या गावाची राखण करत होती, त्यांच्यातल्याही अनेकांकडे चोर म्हणून बघायला सुरुवात झाली. आपल्या तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’ कादंबरीत हेच दुःख आणि त्याविरुद्धचं बंड लिहिलं. हा शिक्का कायद्याने पुसला गेला १९५२ साली, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. गावातल्या मनांतून तो किती पुसला, हे आपल्या गटांनीही स्वतःला विचारावं.

मग आलं बेचाळीस. १० सप्टेंबर १९४२ ला आपल्या इस्लामपूरवर मोर्चा आला. गोळीबार झाला. किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपटे त्यात हुतात्मा झाले. आदल्याच दिवशी वडूजला असाच गोळीबार झाला होता. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांनी आणि त्यांच्या साथीदारांनी प्रतिसरकार उभं केलं. नाना आपल्या येडेमच्छिंद्रचे. ते आधी तलाठी होते, म्हणजे सरकारी वही त्यांनी हातात धरलेली होती, आणि तीच त्यांनी १९३० साली खाली ठेवली. १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकारने गावोगावी न्यायदान मंडळं चालवली, सावकाराला आणि गुंडाला जरब बसवली, दारू बंद केली, कमी खर्चात गांधी पद्धतीची लग्नं लावली. पोलीस मागे लागले की कार्यकर्ते हद्द ओलांडून औंध संस्थानातल्या कुंडलकडे जात.

नानांच्या लेक हौसाताई पाटील यांनी म्हातारपणी एक आठवण सांगितली होती. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवराबायकोच्या भांडणाचं सोंग केलं. बाईला मार बसतोय म्हणून पोलीस सोडवायला बाहेर आले, तोवर साथीदारांनी आतल्या बंदुका लांबवल्या. कासेगावच्या इंदुताई पाटणकर कोवळ्या वयात घर सोडून चळवळीत आल्या. ही नावं आपल्याला कळली, कारण ती कुणीतरी लिहून ठेवली.

पण भूमिगत माणसं जेवत कुठे होती? उसाच्या फडात, डोंगरात, मळ्यात त्यांना भाकरी कोण पोचवत होतं? अपरात्री चूल पेटवणारी, पोलीस दारात आले तर ‘मला काय ठाव’ म्हणणारी बाई कोण होती? प्रतिसरकारला तिचं नाव लिहिता येत नव्हतं. कागद सापडला असता तर तिचं घर उघड्यावर आलं असतं. म्हणजे इंग्रजांच्या वहीत ती नव्हती कारण तिला मोजलंच नाही, आणि आपल्या वहीत नव्हती कारण तिला जपायचं होतं. पुढे १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली, तेव्हा पुरावे मागितले. तुरुंगात किती महिने होता, वॉरंट होतं का. भाकरीचं वॉरंट कुठून आणायचं?

मैत्रिणींनो, त्या पिढीतल्या आता फार थोड्या उरल्या आहेत. पण त्यांच्या सुना आणि लेकी आहेत, आणि त्यांनी ऐकलेलं आहे. म्हणून आमचं एक सांगणं आहे. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की गावातल्या सगळ्यांत वयस्क बाईला मानाने बोलवा. विचारा, कुठल्या घरातून भाकरी जायची, रानातून सरपण आणताना कुणी अडवायचं, हजेरीला कुणाला जावं लागायचं. सगळ्या वस्त्यांवर जा, एकाच आळीत थांबू नका. जे ऐकाल ते इतिवृत्ताच्या वहीत लिहा. बाईचं नाव लिहिताना सासरचं लिहा आणि माहेरचंही लिहा, नाहीतर अर्धी ओळख पुसली जाते. खाली तारीख घाला आणि सगळ्याजणी सह्या करा.

आणि त्याच दिवशी घरी गेल्यावर आपला सातबारा आणि घराचा उतारा काढून बघा. त्यावर आपलं नाव आहे का? नसेल, तर घरात तो विषय काढायची हिंमत करा. अडलं तर गटात बोला, आम्ही सोबत तलाठी कार्यालयात येऊ.