हेलसिंकी ते टोकियो : अंतर नकाशाचे आणि परवानगीचे

दोन शहरांमधले अंतर पृथ्वीने एकदाच ठरवून दिले आहे, अशी आपली समजूत असते. पृथ्वीगोलावर हेलसिंकीपासून टोकियोपर्यंत दोरा ताणून धरला, तर तो जवळजवळ सगळा रशियावरून जातो. हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर भरते आणि आजच्या विमानाला त्यासाठी साडेनऊ तास पुरतात. परंतु युरोप-जपान हवाई मार्गांचा इतिहास मी क्रमाने लावू लागलो, तेव्हा १९५७ पासूनचा जवळजवळ अर्धा काळ हा सरळ मार्ग पाश्चात्त्य विमानांना बंदच होता, असे दिसून आले.

शीतयुद्धात सोव्हिएत संघाच्या आकाशात त्यांना मुक्त प्रवेश नव्हता. युरोपातून जपान गाठायचे तर मध्यपूर्व, भारतीय उपखंड, आग्नेय आशिया अशी थांबत थांबत प्रदक्षिणा घालावी लागे. त्यात दोन दिवस मोडत. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने उत्तर ध्रुवावरून, अलास्कातील अँकरेजमार्गे कोपनहेगन-टोकियो सेवा सुरू केली. ध्रुवाजवळ चुंबकीय होकायंत्राचा भरवसा धरता येत नाही; त्यासाठी खास जायरो यंत्रे आणि दिशामापनाची वेगळी पद्धत वापरावी लागली. प्रवास तीसेक तासांवर आला आणि अँकरेज हा दोन खंडांमधला मोठा थांबा झाला.

पुढे १९७० मध्ये जपान एअरलाइन्सला सायबेरियावरून मॉस्कोमार्गे युरोपला जाण्याची वाट मिळाली. अशा उड्डाणांसाठी विमान कंपन्यांना शुल्क मोजावे लागे. मोकळ्या हवेलाही जकातनाका लागला तो असा.

फिनएअरने एप्रिल १९८३ मध्ये अँकरेजचा थांबाही गाळला. त्यांचे डीसी-१० विमान ध्रुवावरून, बेरिंग सामुद्रधुनीवरून, सोव्हिएत हद्द टाळत न थांबता टोकियोला पोचू लागले. वेळ लागे सुमारे तेरा तास. ही हद्द टाळणे किती गंभीर होते, ते त्याच वर्षी १ सप्टेंबरला कळले. अँकरेजहून सोलला निघालेले कोरियन प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे मेली.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर सायबेरियाचे आकाश मोकळे झाले. हेलसिंकी हे युरोप-आशिया प्रवासाचे जवळचे नाके, या एका गोष्टीवर फिनएअरने तीस वर्षे आपला व्यवसाय उभारला. २०२२ च्या फेब्रुवारीअखेरीस, युक्रेन युद्धानंतर, रशियाने ३६ देशांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली. मार्चमध्ये फिनएअरची टोकियो सेवा पुन्हा सुरू झाली, ती दूरच्या वळणाने, ध्रुवावरूनही. वेळ पुन्हा सुमारे तेरा तास! एकोणचाळीस वर्षांत विमानांची इंजिने बदलली, दिशा दाखवणारे उपग्रह आले, पण घड्याळ १९८३ वरच येऊन थांबले. चिनी कंपन्यांची विमाने मात्र आजही रशियावरून युरोपला जातात.

आपल्यालाही याचा अनुभव आहे. २०१९ मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून लांबचा फेरा पडला. म्हणून दोन शहरांमधल्या प्रवासाचे तास लिहिताना मी आता त्यापुढे वर्षही लिहितो. त्या वर्षी कोणाचे कोणाशी वैर होते, हे त्या तासांवरून कळते.