मुलांसाठी बनलेले चाकू

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आपल्या बॅचच्या ग्रुपवर आला आणि पाठोपाठ विषयही आले: मधली सुट्टी, चिंचा-बोरं, सहल, बाईंनी दिलेला छडीचा प्रसाद. त्यावर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी माझ्या एका नादाबद्दल लिहिते. गेली बारा-तेरा वर्षं मी जुने घडीचे चाकू जमवते, आणि तेही फक्त शाळकरी मुलांसाठी बनलेले. इंग्लंड-अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असे चाकू लाखोंनी खपत. दिवसभर कोड लिहिणाऱ्या बाईला हे काय सुचलं, असं घरचे आजही विचारतात. उत्तर इतिहासात आहे. आपल्याकडून सनावळ्या घोटून घेणाऱ्या बाई हे वाचणार असल्याने सन जपून लिहिते आहे.

सुरुवात लेखणीपासून करायला हवी. इंग्रजीत लहान चाकूला 'पेननाइफ' म्हणतात, ते उगाच नाही. पिसाची लेखणी तासायला हा चाकू लागे. आपले पणजोबा बोरू तासायला चाकू वापरत, तसंच ते. १८२०-३० च्या दशकांत बर्मिंगहॅमला पोलादी निब यंत्रावर भराभर बनू लागली आणि पिसाची लेखणी मागे पडली. चाकू मात्र खिशातच राहिला. पेन्सिलीला टोक काढायला, सुतळी कापायला, शिट्टी कोरायला, सफरचंद चिरायला मुलांना तो हवाच असे.

चाकूंचं माहेरघर म्हणजे इंग्लंडमधलं शेफिल्ड. तिथल्या चाकू-कात्री कारागिरांचा संघ १६२४ मध्ये कायद्याने स्थापन झाला. याच गावातून 'बार्लो' नावाचा चाकू निघाला. एक किंवा दोन पाती, मुठीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत पोहोचणारं लोखंडी टोपण आणि बाकी मुठीला साधं हाड. दिसायला ओबडधोबड, पण स्वस्त आणि दणकट. त्यामुळे तो मुलांचा झाला. मार्क ट्वेनच्या १८७६ सालच्या टॉम सॉयरला पाठांतराचं बक्षीस म्हणून हाच चाकू मिळतो, किंमत साडेबारा सेंट. चाकूला धड धार नसते, तरी टॉमच्या आनंदाला पारावार राहत नाही.

याच शेफिल्डची दुसरी बाजूही सांगायला हवी. मुलांसाठी बनणारे हे चाकू पुष्कळदा मुलांच्याच हातून बनत. लहान वयात मुलगा उमेदवारीला लागे आणि वर्षानुवर्षं उस्तादाकडे राबे. सगळ्यात वाईट काम धार लावणाऱ्यांचं. दगडी चाकावर वाकून दिवसभर पातं घासायचं. चाक कोरडं असेल तर दगडाची आणि पोलादाची धूळ थेट छातीत जाई. शेफिल्डच्या डॉक्टरांनी १८३० च्या आसपासच या दम्याबद्दल लिहून ठेवलं होतं. पण धुळीच्या बंदोबस्ताला पुढे कित्येक वर्षं गेली. माझ्याकडे शेफिल्डचे दोन बार्लो आहेत. ते हातात घेतले की टॉमइतकाच तो चाकावर वाकलेला पोरगाही आठवतो. एकाच वयाची दोन मुलं, एकाच्या खिशात चाकू आणि दुसऱ्याच्या छातीत त्याची धूळ.

पुढची गोष्ट अमेरिकेची. शेफिल्डहून गेलेल्या कारागिरांनी १८५२ मध्ये न्यूयॉर्क नाइफ कंपनी काढली. पुढे ती वॉल्डन या गावी स्थिरावली. १८९० मध्ये मॅकिन्ली यांच्या नावाने ओळखला जाणारा जकात कायदा आला, परदेशी चाकूंवर भारी कर बसला आणि अमेरिकन कारखान्यांना सुगीचे दिवस आले. या कायद्याने आमच्यासारख्या संग्राहकांवर मोठे उपकार केले. आयात मालावर देशाचं नाव हवं, असं कलम त्यात होतं आणि ते १८९१ पासून लागू झालं. त्यामुळे अमेरिकेत सापडलेल्या जुन्या चाकूच्या पात्यावर 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' कोरलेलं असेल, तर तो बहुधा त्यानंतरचा.

१९१० मध्ये अमेरिकेत बॉय स्काउट संघटना स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचा पहिला अधिकृत चाकू वॉल्डनच्या याच कंपनीने बनवला. पुढे स्काउट चाकूचा एक नमुनाच ठरून गेला. एक मोठं पातं, एक डबा उघडायचं, एक बाटलीचं बूच काढायचं आणि त्याच्याच टोकाला स्क्रू ड्रायव्हर, चौथा चामड्याला भोक पाडायचा टोच्या. मुठीवर खाचा पाडलेलं हाड, मध्ये स्काउटचं चिन्ह असलेली छोटी ढाल, टोकाला पट्ट्याला अडकवायची कडी. पहिल्या महायुद्धात रायफली आणि संगिनी बनवून फुगलेली रेमिंग्टन कंपनी युद्ध संपल्यावर हातात काम शोधत होती. तिने १९२० पासून चाकू काढले, आणि तिचा आरएस ३३३३ क्रमांकाचा स्काउट चाकू १९२३ पासून मुलांच्या हाती पडू लागला. संगिनीच्या कारखान्यातून मुलांचा चाकू निघाला. चक्र तिथेच थांबलं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना जे चार पात्यांचे चाकू दिले गेले, त्यांचा नमुना हाच.

माझा पहिला चाकू हा रेमिंग्टनचाच. ऑनसाइट कामासाठी अमेरिकेत असताना शनिवारी लोक अंगणात जुनं सामान मांडून विकतात, तिथे एका डब्यात स्क्रू-खिळ्यांमध्ये तो पडला होता. ढालीच्या खाली मुलाने खिळ्याने आपली आद्याक्षरं कोरली होती, आपण कंपासपेटीवर करकटकाने कोरायचो तशीच. त्या दोन अक्षरांपायी मी तो घेतला आणि वाचायला लागले.

हा छंद पुढे टिकला, कारण तो माझ्या कामासारखा आहे. चाकू खरा की जुळवलेला, हे ठरवणं म्हणजे बग शोधणंच. पात्याच्या मुळाशी कंपनीचा शिक्का असतो, तो ठरावीक वर्षांत बदलत गेलेला असतो. शिक्का एका काळातला आणि ढाल दुसऱ्या काळातली असेल तर कुणीतरी भाग बदलले आहेत. पातं प्रमाणापेक्षा अरुंद दिसलं तर ते घासून घासून झिजलेलं. उघडताना-मिटताना 'टक्' असा खणखणीत आवाज यायला हवा, नाहीतर स्प्रिंग थकलेली. रेमिंग्टननेच १९८२ पासून आपल्या जुन्या नमुन्यांच्या नव्या आवृत्त्या काढल्या, तेव्हा नुसत्या नावावर जाऊन चालत नाही.

मुठीचाही अभ्यास असतो. स्वस्त आणि रंगीत चाकूंना सेल्युलॉइडची मूठ असे. हे प्लास्टिक कापूर घालून बनवत. वर्षांनी ते आतून कुजतं, त्यातून आम्लाची वाफ निघते आणि पातं गंजतं. शेजारचे चाकूही गंजतात. एक आंबा नासला की अढी नासते, तसंच. म्हणून माझे सेल्युलॉइडचे चाकू वेगळ्या, उघड्या ट्रेमध्ये असतात. भारी चाकूंना सांबरशिंगाची मूठ असे, आणि ते शिंग बहुतांशी भारतातून जाई. आपण सहलीला जंगलात सांबर दिसावं म्हणून श्वास रोखून बसायचो, त्याच जातीची शिंगं शेफिल्डच्या कपाटांत भरलेली असत. आता ती निर्यात बंद आहे, आणि ते बरंच झालं.

आता ज्या प्रश्नापायी हा लेख लिहिला, तो. हे चाकू 'मुलांसाठी' म्हणजे मुलग्यांसाठी होते. चाकू मिळणं म्हणजे मोठ्यांनी टाकलेला विश्वास. तिथल्या स्काउटांत आजही चाकू वापरण्याआधी नियम शिकून एक कार्ड मिळवावं लागतं, आणि नियम मोडला की त्याचा कोपरा कापायची प्रथा आहे. मुली गप्प बसल्या नव्हत्या. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काउटांचा मेळावा भरला, तिथे काही मुली स्वतःच हजर झाल्या आणि आम्हालाही घ्या म्हणाल्या. त्यातून १९१० मध्ये गर्ल गाइड्स उभी राहिली, १९१२ मध्ये अमेरिकेत गर्ल स्काउट्स आली, आणि मग तीन पानांचं चिन्ह असलेले मुलींचे चाकूही निघाले. माझ्याकडे त्यातला एकच आहे. तो मिळायला सहा वर्षं लागली.

आणि आपण? मैत्रिणींनो, आठवून पाहा. नवव्या-दहाव्या वर्षी आपल्यापुढे विळी आली. पायाखाली दाबून धरायची, उघडं पातं तोंडासमोर, आणि कोथिंबिरीपासून नारळापर्यंत सगळं त्यावर. दोन इंची चाकूपेक्षा ती कितीतरी धारदार. पण त्याला कुणी विश्वास म्हटलं नाही, कार्ड दिलं नाही, बक्षीस तर नाहीच. ते 'वळण' होतं. धार दोन्हीकडे तीच. पण मुलग्याच्या हाती ती आली की शौर्य आणि मुलीच्या हाती आली की काम, एवढाच फरक. हे मला अमेरिकेतल्या मुलग्यांचे चाकू चाळता चाळता कळलं.

ते कारखाने आता बहुतेक गेले. वॉल्डनची कंपनी १९३१ मध्ये बंद पडली, रेमिंग्टनने १९४० मध्ये चाकूंचा धंदा विकून टाकला, आणि वर्षानुवर्षं स्काउट चाकू बनवणारी कॅमिलस २००७ मध्ये मिटली. मुलांच्या खिशात आता फोन असतो. माझा मुलगा आणि मुलगी दोघांनाही मी दहाव्या वर्षी एकेक साधा घडीचा चाकू दिला, आणि दोघांनाही विळीवर बसवलं. मुलाची भेंडी अजून जाडजूड होते, पण होते.

संमेलनाच्या दिवशी मी दहा-बारा चाकू घेऊन येते आहे. ज्यांना हाताळायचे असतील त्यांनी जेवणानंतर या. बाई, तुम्ही आधी. सन चुकले असतील तर तिथेच उभं करा.