परक्या सॉफ्टवेअरमधून आलेली जुळणी

एअरबसच्या 'ए-३८०' या महाकाय प्रवासी विमानाची जुळणी फ्रान्समधील तूलूझ येथे चालू असताना एक विलक्षण अडचण उभी राहिली. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे तयार झालेल्या भागांतील विजेच्या तारा ठरल्या जागी पोहोचेनात. त्या आखूड पडत होत्या. जर्मन आणि स्पॅनिश अभियंते 'कॅटिया' या आरेखन सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते, तर फ्रेंच आणि ब्रिटिश अभियंते पाचवी. नाव एकच असले तरी पाचवी आवृत्ती मुळापासून नव्याने लिहिलेली होती. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर तारा असल्याने दुरुस्ती सोपी नव्हती. ऑक्टोबर २००६ मध्ये कंपनीने वेळापत्रक पुन्हा लांबवले आणि २०१० पर्यंतच्या नफ्यात ४.८ अब्ज युरोंची घट अपेक्षित असल्याचे जाहीर केले. सिंगापूर एअरलाइन्सला पहिले विमान मिळाले ते १५ ऑक्टोबर २००७ रोजी. या विलंबाला व्यवस्थापनातील दोषही कारणीभूत होते. पण मुळाशी होती ती एका प्रणालीतील आराखडा दुसऱ्या प्रणालीत नेण्याची अडचण.

याच अडचणीचे लहान रूप पिंपरी-चिंचवड वा नाशिकच्या पुरवठादारांनाही परिचित असते. ग्राहकाकडून आलेली फाईल आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये तयार झालेली असेल, असे नाही. अशा वेळी दोन्हीकडे वाचता येईल असे मधले रूप लागते. त्यासाठी १९८० मध्ये अमेरिकेत 'आयजीईएस' आले आणि १९९४ मध्ये 'स्टेप' (आयएसओ १०३०३) हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध होऊ लागले. आयजीईएसमधून पुष्कळदा सुटे पृष्ठभागच येतात. त्यांच्या कडा नीट जुळल्या नाहीत, तर भरीव लोखंडी भागही संगणकाला पोकळ टरफल वाटतो आणि त्याचे वजन काढता येत नाही. स्टेपची स्थिती पुष्कळ बरी. त्यातून भरीव भाग, त्यांची नावे, कोणता भाग कोणत्या उपजुळणीत आहे याची उतरंड आणि प्रत्येकाचे स्थान येते.

सहसा येत नाही ती घडण. मूळ अभियंत्याने आधी आयत रेखाटला, त्याला जाडी दिली, मग भोक पाडले, हा क्रम वाटेत गळतो. बोल्ट भोकाच्या अक्षाशी बांधलेला आहे, हे बंधनही गळते. पडद्यावर सारे हुबेहूब दिसते; पण भोक २ मिलिमीटर सरकवले, तर बोल्ट जागचा हलत नाही. कारखान्यात अशा भागाला 'डम्ब सॉलिड' म्हणतात, ते यथार्थच आहे.

म्हणून आलेली जुळणी उघडताच तीवर काम सुरू करणे हा उतावीळपणा ठरतो. मिलिमीटर आणि इंच यांची गफलत झाली, तर भाग २५.४ पट मोठा वा लहान होतो. ती चूक निदान लगेच दिसते. न दिसणाऱ्या चुका अधिक घातक. त्यासाठी घनफळ आणि गुरुत्वमध्य मूळ आकड्यांशी ताडून पाहावेत, भाग एकमेकांत घुसले आहेत का तेही तपासावे. नावांचा घोळही नित्याचा. 'पार्ट१' नावाची फाईल संगणकात आधीच असेल, तर काही सॉफ्टवेअर निमूटपणे तीच जुळणीत आणून बसवतात.

खरी कसोटी लागते ती ग्राहक सुधारित फाईल पाठवतो तेव्हा. नव्याने आयात होताना पृष्ठभागांच्या अंतर्गत ओळखी बदलू शकतात, आणि त्या पृष्ठभागांवरून घेतलेली आपली सारी मोजमापे तुटतात. आठवड्याचे काम तासाभरात लाल खुणांनी भरून जाते. अनुभवी आरेखक म्हणूनच आलेल्या जुळणीला हात न लावता ती एका जागी स्थिर करतो, स्वतःची संदर्भ-प्रतले आणि अक्ष आखतो आणि नवे भाग त्यांवरून उभारतो. फाईल बदलली की प्रतले तेवढी नव्याने जुळवावी लागतात.

२०१४ मध्ये आलेल्या स्टेपच्या 'एपी २४२' या भागाने मोजमापांतील सूट आणि निर्मितीच्या सूचना संगणकाला वाचता येतील अशा रूपात नेण्याची सोय केली. अर्थात पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या, दोन्ही सॉफ्टवेअरना ती वाचता-लिहिता आली पाहिजे. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी त्रिमितीय फाईलसोबत जुन्या पद्धतीचे द्विमितीय रेखाचित्र अजूनही मागवले जाते.