वादळाचा आकडा आणि पाण्याचा हिशोब



जून उजाडला की ह्यूस्टनमधल्या आमच्या घरात दरवर्षी तोच वाद: वादळ आलं तर निघायचं की थांबायचं? भारतातून फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, "कितव्या कॅटेगरीचं आहे?" बरीच वर्षं मीही तेवढाच आकडा बघायचो. पण गॅल्व्हेस्टन (१९००), कतरिना (२००५) आणि हार्वी (२०१७) या तीन वादळांबद्दल वाचल्यावर मत बदललं.

तिघांच्या जन्मकथेत एक साम्य आहे. मेक्सिकोच्या आखातात येण्याआधी तिन्ही किरकोळ दिसत होती. १९०० चं वादळ क्युबावरून गेलं तेव्हा कमजोर होतं. कतरिना फ्लोरिडात शिरलं ते कॅटेगरी १ म्हणून. हार्वी तर कॅरिबियन समुद्रात विरूनच गेलं होतं! पण समुद्र साधारण २६-२७ अंशांच्या वर तापलेला असला की त्याची वाफ वर जाऊन थंड होते, उष्णता सोडते आणि वादळ त्यावर पोसलं जातं. ऑगस्ट-सप्टेंबरात आखात म्हणजे तापवलेली कढईच. कतरिना तीन दिवसांत कॅटेगरी ५ ला पोचलं, हार्वी दोन दिवसांत ४ ला.

आता परिणाम बघू. कॅटेगरी मोजते फक्त वाऱ्याचा वेग. माणसं मेली ती मुख्यतः पाण्याने, आणि तेही तिन्ही वेळा वेगळ्या वाटेने आलं.

गॅल्व्हेस्टन बेटाची सर्वात उंच जागा जेमतेम नऊ फूट. ८ सप्टेंबर १९०० ला समुद्र पंधरा फुटांहून वर चढला. अंदाजे ८,००० माणसं गेली. हवानाच्या हवामान अभ्यासकांना वादळ टेक्सासकडे जाईल असं वाटत होतं, पण अमेरिकन वेधशाळेने क्युबातून येणाऱ्या हवामानाच्या तारा बंद पाडल्या होत्या आणि वादळ फ्लोरिडाकडे वळेल असं धरलं होतं. गावातले वेधशाळाप्रमुख आयझॅक क्लाइन यांनी १८९१ मध्येच समुद्रभिंतीची गरज नाही असं लिहिलं होतं. त्या रात्री त्यांची पत्नीही बुडाली. भिंत बांधली गेली ती नंतर, १९०२ ते १९०४ मध्ये.

कतरिना किनाऱ्याला लागलं तेव्हा उतरून कॅटेगरी ३ वर आलं होतं. न्यू ऑर्लिन्स बुडालं ते कालव्यांच्या भिंती आणि बांध फुटल्यामुळे. ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं. मृतांचा आकडा बरीच वर्षं १,८३३ सांगितला जायचा, २०२३ मध्ये तो सुधारून १,३९२ केला गेला.

हार्वीने ह्यूस्टन बुडवलं तेव्हा ते हरिकेनही उरलं नव्हतं. नुसतं रेंगाळलं आणि कोसळत राहिलं. नेदरलँड गावात ६०.५८ इंच पाऊस, म्हणजे सुमारे १,५४० मिमी. २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ मिमी आठवा. ते एका दिवसातले होते, हे अनेक दिवसांतले. पण पाण्याला जायला जागा नसली की काय होतं, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

आता आमच्या घरातला वाद. सप्टेंबर २००५ मध्ये, कतरिनानंतर महिन्याच्या आत रीटा आलं. घाबरून आम्हीही निघालो, मुलं मागे, गाडी जागची हलेना. रीटा ऐनवेळी पूर्वेला वळलं, पण त्या पळापळीत शंभरच्या आसपास माणसं दगावली. म्हणून हार्वीच्या वेळी मी थांबायचा हट्ट धरला. पाणी दाराच्या पायरीपर्यंत आलं आणि थांबलं. दोन गल्ल्या पलीकडे नाही थांबलं. त्यात माझी हुशारी काही नव्हती, आमची जमीन थोडी उंच होती इतकंच.

तेव्हापासून बातम्या लागल्या की मी कॅटेगरीनंतर तीन गोष्टी विचारतो: समुद्र किती फूट चढणार, पाऊस किती इंच, आणि आपलं घर किती उंचीवर? तुम्ही किनाऱ्याजवळ असाल तर आपल्या घराचा पूर-नकाशा आजच बघून ठेवा. बायकोचं म्हणणं, हे मला बारा वर्षं आधी सुचायला हवं होतं. असो.

चू. भू. द्या. घ्या.