नॉर्वेचा हिवाळा, अमेरिकेची माती

काळा टीशर्ट, आणि त्यावर वाळक्या फांद्यांच्या जाळीसारखं दिसणारं, काही केल्या वाचता न येणारं नाव. घरात कॉलेजला जाणारं मूल असेल तर धुवायच्या कपड्यांत असा एखादा टीशर्ट तुमच्या हाती लागलाही असेल. ते नाव बहुधा एखाद्या ब्लॅक मेटल बँडचं असतं. या संगीताची माहिती शोधायला गेलात की आधी समोर येतात जळलेली चर्च आणि एक खून, आणि आईबापांच्या पोटात गोळा येतो. ते सगळं खरं आहे, पण ते नॉर्वेत घडलं. अमेरिकेत आल्यावर या संगीताचं काय झालं ही गोष्ट वेगळी आहे. परमुलखात घर केलेल्या तुम्हाआम्हाला ती जरा जवळची वाटावी.

नावापासून सुरुवात करू. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या व्हेनम या बँडने १९८२ साली 'ब्लॅक मेटल' नावाचा अल्बम काढला, तिथून हे नाव आलं. स्वीडनच्या बाथरीने त्याला कर्कश, थंडगार रूप दिलं, आणि १९९०च्या सुमारास नॉर्वेतल्या विशीच्या आसपासच्या मुलांनी त्याचे नियम ठरवून टाकले. गिटारच्या तारा न थांबता झरझर छेडायच्या. ड्रम मुसळधार पावसासारखे कोसळत ठेवायचे. गायकाने गायचं नाही, किंचाळायचं. आणि रेकॉर्डिंग मुद्दाम खरखरीत ठेवायचं, भिंतीपलीकडून ऐकू आल्यासारखं.

६ जून १९९२ रोजी बर्गनचं फँटॉफ्ट हे शेकडो वर्षांचं लाकडी चर्च आगीत भस्मसात झालं. त्यानंतर आणखी चर्च जळाली. ऑगस्ट १९९३मध्ये बुर्झुमच्या वर्ग विकर्नेसने मेहेम बँडचा गिटारवादक युरोनिमस याला भोसकून मारलं. पुढच्या वर्षी खून आणि जाळपोळीबद्दल त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. या मुलांपैकी अनेकांचं म्हणणं असं होतं: ख्रिस्ती धर्म बाहेरून येऊन आमच्यावर लादला गेला, त्याआधीचे ओडिन आणि थॉर हे आमचे खरे देव, ही बर्फाळ अरण्यं आमची. त्यातले काही पुढे उघड वंशवादाकडे गेले.

आता हेच म्हणणं अमेरिकेत मांडून बघा. इलिनॉयमधल्या गोऱ्या मुलाचे पूर्वज जहाजातून इथे उतरलेले. 'परके आले आणि त्यांनी आमचे देव बुडवले' असं तो म्हणू लागला, तर त्या वाक्यातला परका तो स्वतःच ठरतो. अमेरिकन ब्लॅक मेटलचा सगळा इतिहास या अडचणीभोवती फिरतो.

सुरुवातीच्या बँडनी हा प्रश्न बाजूलाच ठेवला. न्यूयॉर्कच्या प्रोफॅनॅटिकाने १९९०पासून चर्चची यथेच्छ निंदा केली, तेवढं त्यांना पुरेसं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या व्हॉनने १९९२मध्ये 'सटॅनिक ब्लड' नावाची डेमो टेप काढली. अगदी साधी, तीच ती लय घोटणारी गाणी. पण युरोपातल्या मुलांनी तिची पारायणं केली. स्वीडनच्या वाटेन या प्रसिद्ध बँडने आपलं नावच व्हॉनच्या एका गाण्यावरून घेतलं. इलिनॉयचा जूडस इस्कॅरिअट हा एकट्या माणसाचा बँड युरोपच्या वळणावर इतका गेला की तो माणूस अखेर जर्मनीत राहायला गेला आणि २००२मध्ये त्याने बँडच बंद केला. नक्कल कितीही हुबेहूब असो, तिची ओढ मूळ गावाकडेच असते.

वळण आलं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वीकलिंगमुळे. त्यांचा एकुलता एक अल्बम, 'डेड ॲज ड्रीम्स', २००० साली बाहेर आला तेव्हा बँड मोडलेला होता. पाच गाणी, एकही दहा मिनिटांच्या आतलं नाही. त्यात ना ओडिन आहे, ना थॉर. आहे ती संथपणे चढत जाणारी हताशा. ज्यांना हा अल्बम मिळाला, त्यांना कळलं की हे संगीत वायकिंगांशिवायही उभं राहू शकतं.

त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या शेजारच्या अल्हाम्ब्रात स्कॉट कॉनर हा माणूस झास्थर या नावाने एकट्यानेच सगळी वाद्यं वाजवून अल्बम काढत होता. बाहेर बारमाही ऊन, आणि संगीतात खोलीत कोंडलेला अंधार. नॉर्वेकरांकडे बर्फ होता, अरण्य होतं. कॅलिफोर्नियाच्या उपनगरात काय असतं? गाडीशिवाय कुठे जाता येत नाही, शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं. एकटेपणा हाच तिथला हिवाळा. इथे नवीन आलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपियाच्या वूल्व्ह्ज इन द थ्रोन रूमने दुसरी वाट धरली. नेथन आणि ॲरन वीव्हर हे दोघे भाऊ शहराबाहेर शेतावर राहत आणि आसपासच्या पावसाळी देवदार-वनांवर संगीत करत. २००७च्या त्यांच्या 'टू हंटर्स'मध्ये जेसिका केनी यांचा संथ, स्वच्छ स्वर ऐकून कट्टर मंडळी बिचकली. या दोघांच्या अरण्यात वंशाचा अभिमान नव्हता. तोडल्या गेलेल्या जंगलाचं दुःख होतं.

केंटकीच्या ऑस्टिन लनने त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं. पॅनॉप्टिकॉन हा त्याचा एकट्याचा बँड. २०१२च्या 'केंटकी' या अल्बममध्ये बँजो आणि फिडल थेट ब्लॅक मेटलच्या वादळात शिरतात. विषय आहे ॲपलेशियातल्या कोळसा खाणी आणि तिथले संप. १९३१ साली हार्लन काउंटीच्या संपात फ्लॉरेन्स रीस यांनी लिहिलेलं प्रसिद्ध कामगार-गीत त्यात आहे, आणि अल्बमच्या आरंभी चेरोकी लोकांच्या हत्येची कहाणीही आहे. इथे ती अडचण पहिल्यांदा तोंडावर घेतलेली दिसते: ही माती माझी म्हणायची तर तिच्यावर सांडलेल्या रक्ताचा हिशेबही माझाच.

मग भांडणं झाली, ती व्हायचीच होती. डिसेंबर २००९मध्ये ब्रुकलिनला ब्लॅक मेटलवर चक्क परिसंवाद भरला. त्यात लिटर्जी बँडच्या हंट-हेंड्रिक्स यांनी असं मांडलं की युरोपचं ब्लॅक मेटल नकारावर संपतं, अमेरिकेचं होकाराकडे गेलं पाहिजे. जुन्या चाहत्यांनी त्यांची यथेच्छ टर उडवली. २०१३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डेफहेवनने 'सनबेदर' काढला: मुखपृष्ठ गुलाबी, विषय श्रीमंत वस्तीत ऊन खात पडलेली मुलगी आणि ते सुख आपल्या वाट्याला नाही ही बोच. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, कट्टरांनी 'हे ब्लॅक मेटलच नव्हे' म्हणून बाहेर काढलं. खरं ते कोणतं आणि भेसळ कोणती, हा वाद कुठल्याही महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीत बसलेल्या माणसाला परिचयाचा आहे.

दरम्यान, ज्यांची ही माती होती ते बोलू लागले. लॉस एंजेलिसच्या वोलानने २०१४च्या अल्बमला माया भाषेतलं नाव दिलं. त्याच्या भोवतालच्या मेक्सिकन आणि मध्य अमेरिकन वंशाच्या मुलांच्या बँडनी माया-ॲझ्टेक देवतांना ब्लॅक मेटलमध्ये आणलं. २०२२मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरोंडॅक डोंगरांतून ब्लॅकब्रेड आला, एका मूलनिवासी वंशाच्या कलाकाराचा एकहाती बँड. 'परके आले आणि आमचे देव बुडवले' हे वाक्य अमेरिकेत ज्यांच्या तोंडी शोभतं, त्यांच्या तोंडी ते आता आलं होतं.

मात्र सगळंच असं गोड झालेलं नाही. अमेरिकेतही उघड वंशद्वेष्टे बँड होते, आहेत. 'रक्त आणि माती' ही नाझींची घोषणा या संगीताच्या आडून आजही डोकं वर काढते. तिला उत्तर म्हणून जानेवारी २०१९मध्ये ब्रुकलिनला 'ब्लॅक फ्लॅग्ज ओव्हर ब्रुकलिन' हा फॅसिझमविरोधी मेटल महोत्सव भरवला गेला. मुलांच्या टीशर्टवरचं नाव कुणाचं हे विचारणं म्हणूनच योग्य आहे. फक्त दरडावून विचारू नका, ऐकायची तयारी ठेवून विचारा.

आपणही माती हा शब्द फार सहज वापरतो. गावच्या मातीची ओढ, मातीतला माणूस. ज्या जमिनीवर आपलं इथलं घर उभं आहे, तिथे आधी कोण राहत होतं, हे मात्र आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? कोळशाने काळ्या झालेल्या केंटकीच्या डोंगरांत एका ड्रमरला हा प्रश्न पडला आणि उसनं संगीत त्याचं स्वतःचं झालं.

ऐकायचंच असेल तर 'केंटकी'पासून सुरुवात करा; बँजोचा हात धरून आत शिरता येतं. मग 'टू हंटर्स'. वीकलिंग शेवटी, तेही रात्री, हेडफोन लावून. आवाज सुरुवातीला जरा कमीच ठेवा.