‘६०’ या आकड्याची कुळकथा: वीजगृहापासून लॅपटॉपच्या पडद्यापर्यंत

लॅपटॉपवरचा गेम अडखळू लागला की खेळणारा ग्राफिक्स सेटिंग्ज उघडतो, आणि सावल्या, रिझोल्यूशन यांच्या जोडीला रिफ्रेश रेट, फ्रेम मर्यादा व व्ही-सिंक हे पर्याय तेथे त्याला दिसतात. रिफ्रेश रेट म्हणजे पडदा दर सेकंदाला किती वेळा नव्याने रंगतो ते प्रमाण, फ्रेम म्हणजे गेमने तयार केलेले एक पूर्ण चित्र, आणि व्ही-सिंक म्हणजे या दोहोंचा ताल जुळवणारी व्यवस्था. साध्या लॅपटॉपवर या तिन्ही ठिकाणी ६० हाच आकडा प्रमाण मानला जातो. माणसाच्या डोळ्याची क्षमता तेवढीच असल्यामुळे हा आकडा निवडला गेला, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात त्याचे कूळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या अमेरिकी वीजगृहांत सापडते.

दिशा सतत बदलणाऱ्या विद्युतप्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तने हर्ट्झमध्ये मोजतात. वेस्टिंगहाउस कंपनीच्या आरंभीच्या यंत्रणेत ती सुमारे १३३ होती आणि १८९० च्या सुमारास कंपनीने ६० स्वीकारली. निकोला टेस्लाने गणित मांडून हा आकडा ठरवला, ही कथा आजही आवडीने सांगितली जाते. टेस्लाच्या मोटरला १३३ आवर्तने मानवत नव्हती, एवढा भाग खरा आहे; परंतु त्याच्याच पेटंटांवर उभे राहिलेले नायगाराचे वीजगृह १८९५ मध्ये २५ हर्ट्झवर सुरू झाले, कारण तेथील टर्बाइनचा वेग आधीच मिनिटाला २५० फेरे असा ठरलेला होता आणि जनित्राला १२ चुंबकीय ध्रुव दिल्यावर त्या वेगातून २५ हाच आकडा निघतो. यावरून असे दिसते की आवर्तने यंत्राचा वेग, मोटरची सोय आणि दिव्यांची लुकलुक यांच्या तडजोडीतून ठरत होती. आवर्तने फार कमी झाली तर दिवे लुकलुकतात, फार वाढली तर मोटर नीट चालत नाही. ६० हा या दोन टोकांमधला व्यवहारी मुक्काम होता. युरोपात याच तडजोडीतून ५० आले, आणि तेच पुढे भारतातही रुजले.

वीजगृहातून हा आकडा दूरचित्रवाणीत शिरला. जुन्या संचांत विजेच्या तारांमधली गुणगुण चित्रात झिरपून आडवा पट्टा उमटत असे. चित्राचा वेग विजेच्या आवर्तनांशी जुळलेला असला तर तो पट्टा एका जागी स्थिर राही, नसला तर वरखाली सरकत राही. म्हणून १९४१ च्या अमेरिकी मानकात सेकंदाला ६० अर्धचित्रे (एक चित्र दोन भागांत रंगवले जाई) ठरली, तर ब्रिटनमध्ये १९३६ पासूनच ५० होती. डोळ्याचा सिद्धांत येथेच कोलमडतो. १९७२ मध्ये मुंबईत दूरदर्शन सुरू झाले ते ५० च्या मानकावर. मुंबईकराचा डोळा न्यूयॉर्ककराच्या डोळ्याहून निराळा नव्हता, निराळी होती ती वीज. लुकलुक जाणवू नये यासाठी डोळा फक्त किमान मर्यादा आखतो, नेमका आकडा तो ठरवत नाही.

मग ५० हर्ट्झच्या विजेवर चार्ज होणाऱ्या पुण्यातल्या लॅपटॉपचा पडदा ६० वर का चालतो? याचे उत्तर १९५३ च्या अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीत आहे. रंग आणि ध्वनी यांच्या संकेतांच्या मिश्रणाने चित्रात अडथळा येऊ नये म्हणून अभियंत्यांनी वेग हजारात एक भागाने घटवला. त्यामुळे ६० चे ५९.९४ झाले आणि रंगाच्या संकेतासाठी ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ हे प्रमाण पक्के झाले. १९८१ मध्ये आयबीएमने वैयक्तिक संगणक आणला तेव्हा घरच्या टीव्हीला तो जोडता यावा अशी सोय ठेवली, आणि त्यातला ताल देणारा मुख्य स्फटिक या प्रमाणाच्या बरोबर चौपट, म्हणजे १४.३१८ मेगाहर्ट्झचा होता. त्याला तिनाने भागून प्रोसेसरचा ४.७७ मेगाहर्ट्झ वेग मिळवला गेला. १९८७ च्या व्हीजीए मानकाने ६४० गुणिले ४८० बिंदूंच्या चित्रासाठी ५९.९४ हाच वेग घेतला. काही लॅपटॉपांच्या सेटिंग्जमध्ये ५९ आणि ६० असे दोन पर्याय शेजारी शेजारी दिसतात, ते याच वारशामुळे. ३.५७९५४५ मेगाहर्ट्झवर चालणारा कालमापक तर पुढच्या संगणकांच्या वीजव्यवस्थापन मानकातही कायम राहिला.

व्ही-सिंकही याच घराण्यातले आहे. जुन्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांच्या झोताला चित्राच्या तळाशी पोहोचल्यावर पुन्हा वर जाण्यासाठी क्षणभर वेळ लागे, आणि त्या विरामात चित्र बदलले तर ते मध्येच फाटलेले दिसत नसे. सपाट पडद्यात झोत उरला नाही, तरी संकेतातला विराम राहिला. ६० च्या पडद्यावर एका चित्राच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. गेमला १८ लागले तर चित्र पुढच्या विरामापर्यंत खोळंबते आणि साध्या व्ही-सिंकमध्ये वेग एकदम ३० वर घसरतो. खेळणाऱ्याला जाणवणारा झटका बहुधा हाच असतो.

या बंधनातून सुटण्याची वाट लॅपटॉपनेच दाखवली. पडद्याचा विराम लांबवून वीज वाचवण्याची तरतूद लॅपटॉपच्या अंतर्गत पडद्यांच्या मानकात २००९ पासून होती; एनव्हिडियाने २०१३ मध्ये गेमच्या वेगानुसार पडदा चालवणारी जी-सिंक ही व्यवस्था जाहीर केल्यावर, जानेवारी २०१४ मध्ये एएमडीने लॅपटॉपमधली ही जुनी तरतूद वापरून तेच करून दाखवले, आणि ते प्रात्यक्षिक लॅपटॉपवरच झाले. त्याच वर्षी अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक या नावाने ती सोय बाहेरच्या मॉनिटरांच्या मानकातही आली.

म्हणून ६० हा आकडा गाठलाच पाहिजे असा आग्रह धरण्याचे कारण नाही. अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंकची सोय असेल तर ती सुरू करावी. नसेल तर सावल्या आणि रिझोल्यूशन कमी करून पाहावे, आणि तरीही वेग टिकत नसेल तर पडद्याच्या वेगाला नेमका भाग जाणारी मर्यादा निवडावी: ६० च्या पडद्यावर ३०, १२० च्या पडद्यावर ४० किंवा ६०, १४४ च्या पडद्यावर ४८ किंवा ७२. १९९३ चा ‘डूम’ हा गेम ७० हर्ट्झच्या पडद्यावर बरोबर निम्म्या, म्हणजे ३५ च्या मर्यादेत चालत असे. पन्नास आणि साठच्या मध्ये हेलकावणाऱ्या वेगापेक्षा असा स्थिर वेग डोळ्याला केव्हाही अधिक सुखाचा असतो.